अन्नप्रक्रिया तंत्रविद्या : विद्यापीठीय संशोधनाचा विकास

एखाद्या प्रदेशात पिकणाऱ्या अन्नपदार्थांचे परिरक्षण, रूपांतर व साठवण यांसंबंधीचे शास्त्रीय ज्ञान निर्माण करण्याची आणि ते त्याच प्रदेशातील उत्पादकांच्या उपयोगी आणण्याची विद्यापीठाची क्षमता, असा या विषयाचा आशय आहे. या क्षमतेत प्रशिक्षित अध्यापक, प्रयोगशाळा, मार्गदर्शी संयंत्र (प्रयोगशाळा व कारखाना यांच्या दरम्यानच्या आकारमानाचे यंत्रसंच), पदव्युत्तर शिक्षण आणि विस्तार कार्य या सर्वांचा समावेश होतो. यांपैकी एखादे अंग दुर्बल असले, तर इतर अंगांवरील खर्च बव्हंशी वाया जातो, असा अनुभव आहे. प्रस्तुत नोंदीत भारतातील व मुख्यत्वे महाराष्ट्रातील अशा संशोधनाच्या वाढीचा आढावा घेतला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : अन्न टिकविण्याच्या वाळवणे, खारवणे, मुरवणे, आंबवणे व धुरावणे या पद्धती अतिप्राचीन आहेत. त्यांमागील कारणे मात्र एकोणिसाव्या शतकापर्यंत अज्ञात होती. नीकॉला आपेअर या फ्रेंच मिठाईकाराने बंद बाटल्यांत अन्न तापवून टिकविण्याची पद्धत १८१० मध्ये प्रसिद्ध केली. परंतु अन्न का टिकते, याचा उलगडा लूई पाश्चर यांच्या सूक्ष्मजीवविषयक कार्यानंतरच झाला. अमेरिकेतील मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत सॅम्युएल प्रेस्कट व विल्यम अंडरवुड यांनी १८९५ नंतरच्या काही वर्षांत डबाबंद अन्न नासण्याच्या कारणांचा अभ्यास केला. उष्णतेला दाद न देणारे जीवाणूंचे बीजाणू डब्याच्या मध्यभागी जिवंत राहतात व त्यामुळे अन्न नासते, असे त्यांनी दाखविले. अंडरवुड हे डबाबंदीकरणाचा व्यवसाय असलेल्या कुटुंबातील, तर प्रेस्कट हे अध्यापक होते. कारखान्यातील अडचण विद्यापीठात नेऊन तिचे उत्तर पुन्हा कारखान्यात आणण्याचे हे एक ठळक प्रारंभिक उदाहरण होय.

अमेरिकेतील १८६२ च्या मॉरिल कायद्याने शेती व यांत्रिकी यांचे शिक्षण देणारी भूदान महाविद्यालये निघाली व १८८७ च्या हॅच कायद्याने त्यांना प्रयोग केंद्रांची जोड मिळाली. अध्यापन, संशोधन व विस्तार एकाच छत्राखाली आणणारी ही रचना पुढे भारतातील कृषी विद्यापीठांना आदर्शभूत ठरली.

भारतातील प्रारंभ : पुणे येथील कृषी महाविद्यालय १९०८ पासून स्वतंत्रपणे कार्य करू लागले. हॅरल्ड मान यांच्यासारख्या कृषी रसायनशास्त्रज्ञांमुळे तेथे स्थानिक प्रश्नांच्या अभ्यासाची परंपरा निर्माण झाली. शाही कृषी आयोगाने (लिनलिथगो आयोग) १९२८ मध्ये सादर केलेल्या अहवालानंतर १९२९ मध्ये शाही कृषी संशोधन परिषद स्थापन झाली आणि प्रांतिक संशोधनास मध्यवर्ती अर्थसाहाय्य मिळू लागले.

पुण्याजवळील गणेशखिंड येथे जी. एस. चीमा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३० नंतरच्या काळात फळांच्या शीतगृहातील साठवणीवर केलेले काम या संदर्भात महत्त्वाचे आहे. हापूस आंबा बाहेरून निर्दोष दिसत असूनही कापल्यावर आतील गर पांढरट, स्पंजासारखा व बेचव निघतो, या विकृतीचे (साका) शास्त्रीय वर्णन चीमा व दाणी यांनी १९३४ मध्ये केले. आंबा फार कमी तापमानात ठेवल्यास त्याला शीतइजा होऊन तो नीट पिकत नाही, ही गोष्ट अशा प्रयोगांमुळे स्पष्ट झाली. समशीतोष्ण कटिबंधातील सफरचंदांसाठी ठरविलेली तापमाने उष्ण कटिबंधातील फळांना जशीच्या तशी लागू पडत नाहीत. प्रादेशिक संशोधनाची गरज का आहे, याचे उत्तर या एका उदाहरणातही मिळते.

तंत्रशिक्षणाच्या क्षेत्रात कानपूर येथील हारकोर्ट बटलर तंत्रविद्या संस्थेने (१९२१) तेल व साखर या विषयांत आरंभ केला. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रविद्या विभाग १९३३ मध्ये सुरू झाला. प्रारंभी तेथे वस्त्ररसायनावर भर असला, तरी १९४० नंतरच्या दशकात अन्न तंत्रविद्येची शाखाही निघाली. उद्योगांना सल्ला देऊन व त्यांच्या देणग्यांतून संशोधनास बळ मिळवून या विभागाने स्वतःची कार्यपद्धती घडविली. त्याला २००४ मध्ये स्वायत्तता व २००८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा प्राप्त झाला (रसायन तंत्रज्ञान संस्था). नागपूर येथे रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राद्वारे नागपूर विद्यापीठाला दिलेल्या देणगीतून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण तंत्रविद्या संस्था उभी राहिली. तेल तंत्रविद्या व अन्न तंत्रविद्या या तिच्या प्रमुख शाखांत मोडतात. या संस्थेचे रूपांतर २०२३ मध्ये स्वतंत्र विद्यापीठात करण्यात आले.

मध्यवर्ती संस्था व विद्यापीठे : म्हैसूर येथे ऑक्टोबर १९५० मध्ये केंद्रीय अन्न तंत्रविद्या संशोधन संस्था सुरू झाली. व्ही. सुब्रह्मण्यन हे तिचे पहिले संचालक. म्हशीच्या दुधापासून अर्भकान्न तयार करण्याची पद्धत तेथे विकसित झाली व आणंद येथील सहकारी दूध संघाने ती उत्पादनात आणली. म्हशीच्या दुधातील स्निग्धांश व प्रथिन यांचे प्रमाण गाईच्या दुधाहून भिन्न असल्याने परदेशी कृती येथे निरुपयोगी होत्या. अन्नशास्त्रज्ञ व तंत्रज्ञ यांची संघटना १९५७ मध्ये म्हैसूर येथेच स्थापन झाली आणि १९६४ पासून तिचे संशोधन नियतकालिक निघू लागले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेच्या साहाय्याने आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रही तेथे सुरू झाले.

मोठी मध्यवर्ती संस्था असण्याचे लाभ उघड होते : महागडी उपकरणे एकत्र आली, विविध शाखांचे तज्ञ एकमेकांशेजारी काम करू लागले आणि विद्यापीठांना प्रशिक्षित अध्यापक मिळाले. तथापि या रचनेची एक मर्यादाही होती. ज्या पिकाची आवक एखाद्या जिल्ह्यात केवळ पाचसहा आठवडे असते आणि जे तोडल्यानंतर एक-दोन दिवसांत खराब होते, त्याचा अभ्यास शेकडो किलोमीटर दूर राहून करणे कठीण असते. त्यामुळे प्रक्रियेची मूलतत्त्वे मध्यवर्ती संस्थेत आणि तिचे प्रादेशिक रूप विद्यापीठात, अशी कामाची विभागणी हळूहळू होत गेली.

कृषी विद्यापीठांचा काळ : राधाकृष्णन आयोगाने (१९४८-४९) ग्रामीण विद्यापीठांची कल्पना मांडली होती. भारतातील पहिले कृषी विद्यापीठ १९६० मध्ये पंतनगर येथे निघाले. महाराष्ट्रात राहुरी (१९६८), अकोला (१९६९), दापोली व परभणी (दोन्ही १९७२) अशी चार विद्यापीठे स्थापन झाली. ही विभागणी प्रशासकीय दिसली, तरी ती पीकरचनेला बऱ्याच अंशी अनुसरून होती. पश्चिम महाराष्ट्राकडे ऊस व द्राक्षे, विदर्भाकडे तूर व संत्री, कोकणाकडे आंबा, काजू, कोकम व मासळी आणि मराठवाड्याकडे ज्वारी व कडधान्ये असे विषय आले. परभणी येथे १९७६ मध्ये अन्नतंत्राचे स्वतंत्र महाविद्यालय सुरू झाले. रत्नागिरीतील मत्स्य महाविद्यालय १९८१ मध्ये निघाले.

भारतीय कृषी संशोधन परिषदेने १९७२ मध्ये कापणीपश्चात तंत्रविद्येचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प हाती घेतला. अनेक विद्यापीठांत एकाच आराखड्यानुसार प्रयोग करणे व त्यांच्या निष्कर्षांची तुलना करणे त्यामुळे शक्य झाले. लुधियाना येथे १९८९ मध्ये या विषयाची केंद्रीय अभियांत्रिकी संस्था स्थापन झाली. केंद्र शासनाचे अन्नप्रक्रिया उद्योग मंत्रालय १९८८ मध्ये अस्तित्वात आले होते.

प्रादेशिक संशोधनाची उदाहरणे : (१) तुरीची डाळ : तुरीच्या दाण्यात डाळीचा भाग सु. ८५% व टरफल सु. १५% असते. टरफल व डाळ यांच्यामध्ये चिकट डिंकाचा थर असल्यामुळे टरफल सहज सुटत नाही. तेल-पाणी लावून, दिवसा उन्हात वाळवून व रात्री ढीग करून ते सैल करण्याची जुनी रीत आहे. तीत चारपाच दिवस जातात, ढगाळ हवेत काम थांबते आणि दाण्याचा पुष्कळसा भाग चुरीत जातो. त्यामुळे डाळीचा उतारा बहुधा ६५ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यानच राहतो. म्हैसूरच्या संस्थेने उष्ण हवेने दाणे तापवून व आर्द्रता नियंत्रित करून उन्हावरील अवलंबन काढून टाकणारी पद्धत बसविली. ती मोठ्या गिरण्यांना उपयुक्त होती. लहान शेतकऱ्यांसाठी अकोला येथील विद्यापीठाने छोटी डाळ गिरणी तयार केली. तिचे महत्त्व केवळ यांत्रिक नाही. तूर विकून डाळ विकत घेणाऱ्या गावात डाळ तयार होऊ लागली, चुरी व टरफल गुरांना मिळू लागले आणि बचत गटांना एक नवा व्यवसाय लाभला.

(२) गूळ : पाडेगाव येथील ऊस संशोधन केंद्र १९३२ मध्ये सुरू झाले. गुळाचे काम पुढे मुख्यतः कोल्हापूर येथील प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राकडे आले. रसातील मळी काढण्यासाठी भेंडीच्या झाडाचा चिकट रस, रसाची अम्लता कमी करण्यासाठी चुन्याची निवळी आणि काहील उतरविण्याचे योग्य तापमान (सु. ११६ ते ११८° से.) यांवर पद्धतशीर प्रयोग झाले. अनुभवी गुळव्या रसाचा थेंब पाण्यात टाकून, त्याच्या गोळीवरून जे ओळखतो, तेच तापमापक अंशांत सांगतो. म्हणून या संशोधनाने जुन्या कौशल्याला खोटे ठरविले नाही, तर ते शिकविता येण्याजोगे केले. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून सोडियम हायड्रोसल्फाइट (हायड्रॉस) वापरण्याची प्रथा बाजारभावाच्या दडपणामुळे पसरली. या रसायनाने आलेला रंग काही काळाने उतरतो व गुळात गंधकाचे अवशेष राहतात, हे प्रयोगांनी दाखविले. तरीही बाजारात रंगावर भाव ठरतो, तोवर केवळ प्रयोगशाळेच्या निष्कर्षाने ही प्रथा थांबत नाही. चुलवाणाची सुधारणा हा दुसरा प्रश्न आहे. जुन्या चुलवाणात चिपाडाच्या उष्णतेचा मोठा भाग धुराड्यावाटे वाया जातो. हवेचा पुरवठा नियंत्रित केल्यास व वाया जाणारी उष्णता रस तापविण्यास वापरल्यास चिपाड वाचते. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक निर्देशन प्राप्त झाले.

(३) कोकणातील फळे : रातांब्याची साल मीठ घातलेल्या रसात पुनःपुन्हा भिजवून व उन्हात वाळवून आमसूल करतात. पहिल्या पावसाच्या सुमारास फळे पिकत असल्याने वाळविण्याला हवा साथ देत नाही व पुष्कळ फळे वाया जातात. लवकर पक्व होणाऱ्या जातींची निवड आणि सुधारित वाळवणयंत्रे अशा दोन्ही बाजूंनी दापोलीच्या विद्यापीठाने या प्रश्नाचा विचार केला. ‘कोकण अमृता’ ही कोकमाची जात तेथूनच प्रसारित झाली. सालीतील तांबडा रंग अँथोसायनिन गटातील असून उष्णता व प्रकाश यांमुळे तो फिका पडतो. म्हणून सरबत व आगळ यांच्या प्रक्रियेत तापमानाचे बंधन पाळावे लागते. बियांपासून निघणारे भिरंडेल हे घन तेल पूर्वी ओठ व टाचा फुटल्यास घरोघरी वापरीत. सौंदर्यप्रसाधनांतही त्याला मागणी असते.

काजूच्या बोंडाचे उदाहरण याहून बोलके आहे. बोंडाचे वजन बीच्या पाच ते दहापट असते व त्यात क जीवनसत्त्व संत्र्यापेक्षा कितीतरी अधिक असते. परंतु टॅनिनामुळे रस तुरट व खवखवणारा लागतो आणि फळ एका दिवसात आंबू लागते. जिलेटिनासारख्या पदार्थाने टॅनीन खाली बसवून रस पिण्याजोगा करता येतो. गोव्यात बोंडांपासून फेणी काढण्याचा व्यवसाय जुना आहे व तिला २००९ मध्ये भौगोलिक निर्देशन मिळाले. कोकणातील बहुसंख्य बोंडे मात्र बागेतच कुजतात. येथे शास्त्रीय ज्ञान उपलब्ध आहे. उणीव आहे ती त्याच दिवशी फळे गोळा करणाऱ्या व्यवस्थेची.

(४) नागपुरी संत्री : संत्र्याचा रस काढल्यानंतर काही तासांनी किंवा तापविल्यावर कडू होतो. फळाच्या ऊतकांतील कडू नसलेल्या पूर्वगामी संयुगाचे अम्ल रसात लिमोनीन या कडू संयुगात रूपांतर होणे, हे त्याचे कारण आहे. फळ जसजसे पक्व होते, तसतसे हे प्रमाण घटते. शोषक रेझिनांच्या साहाय्याने कडवटपणा कमी करता येतो. पण ही पद्धत खर्चिक असून लहान कारखान्यांना परवडत नाही. हंगामात भाव कोसळले की, विदर्भात संत्रा प्रक्रियेची मागणी उठते. तिच्या मार्गातील खरा अडथळा केवळ भांडवलाचा नसून रसायनशास्त्राचाही आहे, ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षिली जाते.

(५) ज्वारी : खरीप ज्वारी कणसात असताना पाऊस झाल्यास दाणे बुरशीने काळे पडतात व त्यांना भाव मिळत नाही. दाण्याचा बाह्य थर घासून काढणे, रवा, पोहे व माल्ट बनविणे यांवर परभणी येथे काम झाले. बुरशीच्या विषांचे अवशेष तपासल्याशिवाय असे धान्य माणसांच्या आहारात वापरणे धोक्याचे असते. म्हणून येथे प्रक्रियेइतकीच पृथक्करण प्रयोगशाळाही आवश्यक ठरते.

शाश्वततेचा विचार : ब्रुंटलंट आयोगाच्या अहवालानंतर (१९८७) शाश्वत विकासाची संज्ञा रूढ झाली. अन्नप्रक्रियेच्या बाबतीत तिचे तीन अर्थ संभवतात : अन्नाची नासाडी टाळणे, इंधन व पाणी यांचा काटकसरीने वापर करणे आणि उपउत्पादांचा उपयोग करणे. लुधियानाच्या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार कापणी व कापणीपश्चात नुकसान फळे व भाजीपाला यांत पिकागणिक सु. ४·६ ते १५·९%, तर कडधान्यांत सु. ६·४ ते ८·४% होते. सांगली भागातील बेदाण्याचे उदाहरण इंधनाच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. पोटॅशियम कार्बोनेट व एथिल ओलिएट यांच्या द्रावणात द्राक्षे बुडविल्याने सालीवरील मेणाच्या थरातून पाणी जलद निसटते आणि कोरड्या हवेत, सावलीत, इंधनाशिवाय बेदाणा तयार होतो. ही पद्धत मूळची ऑस्ट्रेलियातील. ती येथे रुजली, कारण फेब्रुवारी ते एप्रिलमधील पठारावरील हवा तिला अनुकूल आहे. हीच पद्धत दमट हवेच्या किनारपट्टीत चालणार नाही. परकीय तंत्र स्वीकारताना स्थानिक हवामानाचे मापन करणारी यंत्रणा हाती असावी लागते, ती यासाठीच.

क्षमतेतील उणिवा : विद्यापीठीय संशोधनाच्या वाढीत काही अडचणी वारंवार आढळतात. पहिली कालावधीची. बहुतेक संशोधन प्रकल्पांना तीन वर्षांच्या आसपास अर्थसाहाय्य मिळते. वर्षातून एकदाच येणाऱ्या फळाच्या बाबतीत याचा अर्थ तीन हंगाम असा होतो. पहिला हंगाम उपकरणे मिळण्यात जातो, एखाद्या हंगामात अवकाळी पाऊस पडतो आणि विश्वसनीय निष्कर्षासाठी फार तर एक हंगाम उरतो. यामुळे पुष्कळ कामे प्रबंधाच्या पायरीवर थांबतात. दुसरी अडचण मनुष्यबळाची. अध्यापकपदे दीर्घकाळ रिक्त राहिल्यास उपकरण असूनही ते चालविणारा नसतो आणि एका पिकाचा अनुभव पुढील पिढीला मिळत नाही. तिसरी मार्गदर्शी संयंत्रांची. त्यांच्या खरेदीसाठी निधी मिळतो. देखभालीसाठी मिळत नाही.

चौथी उणीव ज्ञानाच्या नोंदीची आहे. लोणची, पापड, सांडगे, आमसुले, सुकी मासळी यांसंबंधीचे बारकावे प्रामुख्याने स्त्रियांजवळ असतात. कोणत्या उन्हात, किती मिठात, कोणत्या भांड्यात पदार्थ टिकतो, याचे हे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रयोगांतून आलेले असते. गृहविज्ञानाच्या काही विभागांनी त्याची नोंद केली. तथापि तंत्रविद्येच्या अभ्यासक्रमात त्याला अल्प स्थान मिळाले.

कायद्यातील बदलांमुळे विद्यापीठांची जबाबदारी वाढली. फळ उत्पादन आदेश (१९५५) व अन्न भेसळ प्रतिबंधक अधिनियम (१९५४) यांची जागा अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याने घेतली. लहान उत्पादकाला परवाना, वेष्टनावरील माहिती व तपासणी यांची पूर्तता करावी लागते; जवळ मान्यताप्राप्त प्रयोगशाळा नसेल, तर त्याला माल तपासण्यासाठी दूरच्या शहरात पाठवावा लागतो. केंद्र शासनाने २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी योजना सुरू करून ‘एक जिल्हा एक उत्पादन’ हे तत्त्व स्वीकारले. अशा योजनांत विद्यापीठांकडून प्रशिक्षण व तांत्रिक मार्गदर्शन अपेक्षित असते. नव्या उद्योजकाला दिलेला सल्ला चुकला, तर कर्जाचा बोजा त्याच्यावर पडतो, सल्लागारावर नव्हे. म्हणून सल्ल्यामागे त्याच पिकावरील, त्याच प्रदेशातील प्रयोगांचे पाठबळ असणे अत्यावश्यक आहे.

मूल्यमापन : सुमारे नव्वद वर्षांच्या या वाटचालीत जेथे एकच प्रश्न दीर्घकाळ, एकाच ठिकाणी व उत्पादकांच्या सहभागाने अभ्यासला गेला, तेथे यश आले; डाळ गिरणी व गूळ ही त्याची उदाहरणे होत. जेथे प्रयोगशाळेतील उत्तर सापडूनही संकलन, बाजारपेठ किंवा भांडवल यांची सांगड बसली नाही, तेथे ते अहवालातच राहिले. काजूचे बोंड हे त्याचे उदाहरण. विद्यापीठाची संशोधनक्षमता इमारती व उपकरणे यांच्या संख्येवरून मोजण्याचा प्रघात आहे. एखाद्या पिकाच्या अडचणीच्या वर्षी त्या प्रदेशातील शेतकरी व लहान कारखानदार कोणाकडे विचारणा करतात आणि त्यांना हंगाम संपण्यापूर्वी उपयोगी उत्तर मिळते की नाही, ही तिची अधिक खरी कसोटी होय.